पिंग, प्रकाशाचा वेग आणि रविवार सकाळचं स्टार ट्रेक

दूरस्थ (धागाकर्ता)

मी एकोणीस वर्षं नेटवर्कमध्ये काम करतोय. पुण्यात बसून समुद्रापलीकडच्या यंत्रांशी बोलायचं आणि ती उशिरा उत्तर का देतायत ते शोधायचं, यावर माझं घर चालतं. संध्याकाळी गेम खेळतो, रात्री विज्ञानकथांच्या मालिका बघतो. ही तीन वेगळी खाती आहेत असंच मी धरून चाललो होतो. गेल्या महिन्यात डेंग्यू झाला, दहा दिवस पडून होतो, तेव्हा 'द एक्स्पान्स' पहिल्या भागापासून पुन्हा बघितली. तेव्हा जाणवलं की तिन्हीकडे माझी नजर एकाच गोष्टीवर असते: निरोप पोचायला किती वेळ लागतो.

हे वेड लागलं ते फोनमुळे. १९८६-८७ साली आम्ही कराडला होतो, काका मस्कतला नोकरीला. शेजारच्या डॉक्टरांकडे त्याचा फोन यायचा आणि हाक आली की सगळं घर पळत सुटायचं. तेव्हाचे परदेशी फोन बहुतेक वेळा उपग्रहावरून यायचे. उपग्रह ३६ हजार किलोमीटर उंचीवर. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तर यायला आणखी पाव. ऐकायला किरकोळ वाटतं, पण बोलण्यात तेवढी शांतता पडली की दोघंही एकदम बोलायला लागतात आणि मग दोघंही एकदम गप्प होतात. तिकडे मिनिटाचे पैसे चाललेले. आजीनं दुसऱ्याच फोनला यावर उपाय काढला. आपलं वाक्य संपलं की ती "आता तू बोल" म्हणायची, आणि काकालाही तसंच म्हणायला लावायची. पुढे कॉलेजात, एकाच वाहिनीवर दोघांनी आळीपाळीनं कसं बोलायचं याचे नियम शिकलो तेव्हा पुस्तकाच्या पानावर मला आजी दिसली.

त्याच सुमारास दूरदर्शनवर रविवारी सकाळी स्टार ट्रेक लागायचं. १९६६ ते १९६९ मधली मूळ ७९ भागांची मालिका, आमच्यापर्यंत वीस वर्षांनी आलेली. इंग्रजी फारसं कळायचं नाही. कॅप्टन कर्क खुर्चीत बसून समोरच्या पडद्यावर दुसऱ्या जहाजाच्या कप्तानाशी भांडायचा आणि मला प्रश्न पडायचा: मस्कतहून आवाज यायला वेळ लागतो, मग याला का नाही लागत?

मालिकेतलं उत्तर आहे 'सबस्पेस रेडिओ', म्हणजे प्रकाशाच्याही पुढे धावणारे संदेश. ती लेखकांची सोय. पण 'बॅलन्स ऑफ टेरर' हा डिसेंबर १९६६ मधला भाग मोठेपणी पुन्हा बघितला आणि थांबलोच. शत्रूचं, रोम्युलन लोकांचं जहाज हद्द ओलांडून आलंय, पाठलाग केला तर युद्ध पेटू शकतं. कर्क मुख्यालयाला विचारतो, पण अंतर इतकं की उत्तराची वाट बघत बसणं शक्य नाही. निर्णय त्यालाच घ्यावा लागतो. सगळं उरकल्यावर, माणसं गेल्यावर निरोप येतो: तू जे ठरवशील त्याला आमचा पाठिंबा आहे. त्या अख्ख्या मालिकेतला मला हा सगळ्यांत खरा क्षण वाटतो.

आता कामाचं. निर्वात पोकळीत प्रकाश सेकंदाला जवळपास ३ लाख किलोमीटर जातो, पण काचेच्या तंतूत साधारण २ लाखच. मुंबई ते लंडन सरळ रेषेत सुमारे ७,२०० किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन ७२ मिलिसेकंद (या जाण्यायेण्याच्या वेळेलाच पिंग म्हणतात), आणि हे झालं आदर्श गणित. खरी केबल वर्सोव्याच्या किनाऱ्यावरून निघाली तर अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त, भूमध्य असा वळसा घेत जाते, मध्ये यंत्रं लागतात, त्यामुळे आकडा शंभरच्या वरच असतो. कितीही पैसे ओतले तरी ७२ च्या खाली येणार नाही. हे मी दर सहा महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या मॅनेजरला फळ्यावर काढून दाखवतो. ३० जानेवारी २००८ ला अलेक्झांड्रियाजवळ केबल्स तुटल्या तेव्हा मी नोकरीत नवा होतो. युरोपकडे जाणारी वाहतूक उलटी, पूर्वेकडून पॅसिफिक ओलांडून वळवली गेली आणि आमच्या पडद्यावरचे आकडे दुपटीच्या वर गेले. त्या रात्री पहिल्यांदा पृथ्वी गोल असल्याचं अंगावर आलं.

गेमवाल्यांनी हा प्रश्न आमच्याआधी सोडवला, तोही फार सुंदर रीतीनं. १९९६ च्या जूनमध्ये 'क्वेक' हा गोळीबाराचा गेम आला. त्यात तुम्ही कळ दाबली की ते सर्व्हरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्या मधल्या यंत्राला कळायचं, सर्व्हरचं उत्तर यायचं आणि मगच तुमचा माणूस हलायचा. ऑफिसच्या लॅनवर, म्हणजे इमारतीतल्या जाळ्यावर झकास, घरच्या मोडेमवर मात्र चिखलातून चालल्यासारखं. गेमचा प्रोग्रॅमर जॉन कार्मॅकनं स्वतः लिहिलंय की त्यानं २०० मिलिसेकंदांच्या आतली जोडणी गृहीत धरली होती आणि ते गृहीतकच चुकलं. त्याच वर्षाच्या शेवटी त्यानं 'क्वेकवर्ल्ड' काढला. आता कळ दाबताच तुमचंच यंत्र अंदाजानं तुम्हाला पुढे नेतं, सर्व्हर मागाहून ताळा करतो आणि चूक असेल तर जागा दुरुस्त करतो. काउंटर-स्ट्राइक या गेममध्ये याच्या पुढची पायरी आली. कोण कुठे होतं हे सर्व्हर थोडा वेळ लक्षात ठेवतो. तुमची गोळी त्याच्यापर्यंत पोचली की तो घड्याळ तुमच्या उशिराइतकं मागे फिरवतो आणि तुम्हाला तेव्हा जे दिसत होतं त्यावर न्याय देतो. म्हणून कधीकधी आपण भिंतीआड पोचल्यावरही मरतो. ते चीटिंग नसतं. मारणाऱ्याच्या पडद्यावर आपण अजून उघड्यावर असतो, आणि तेही खरंच असतं.

'एक्स्पान्स' मला आवडते ती याचसाठी. २०१५ ते २०२२, सहा सीझन. त्यात पृथ्वी, मंगळ आणि लघुग्रहांच्या पट्ट्यातली माणसं एकमेकांशी थेट बोलत नाहीत. निरोप रेकॉर्ड करतात, पाठवतात आणि वाट बघतात. सुरुवातीलाच नायक होल्डन एक निरोप साऱ्या सूर्यमालेला उद्देशून पाठवतो. सुटलेला निरोप त्याच्या हातात राहत नाही, आणि तो ऐकून कुठे काय पेटलं हे त्याला कळेपर्यंत पेटून गेलेलं असतं.

माझं म्हणणं एवढंच की विज्ञानकथेतलं जग मोठं वाटायचं असेल तर निरोपाला वेळ लागला पाहिजे. कुठल्या मालिकेत, कुठल्या गेममध्ये तुम्हाला अंतर खरं वाटलं? सविस्तर लिहा.

रात्रपाळी

सुरेख लिहिलंय. आजीचं "आता तू बोल" विसरणार नाही.

मी सर्व्हर सांभाळतो, आठवड्याआड ऑन-कॉल असतो. माझ्यासाठी मालिका एकच, २००४ ची 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'. मिनीमालिकेनंतरच्या पहिल्या भागाचं नाव '३३'. शत्रू दर ३३ मिनिटांनी येतो. पळायचं, पुढच्या उडीचं गणित करायचं, तोवर पुन्हा तेच. पाच दिवस कोणी झोपलेलं नाही. दाढी वाढलेली, डोळे लाल, साध्या बेरजेला दोनदा विचार करावा लागतोय. मी तो भाग पहाटे चार वाजता बघितला, दर वीस मिनिटांनी अलार्म वाजणाऱ्या एका रात्रीनंतर. नव्या मुलांना मी तो भाग बघायला सांगतो, म्हणजे थकलेल्या माणसाकडून डेटाबेसवर आज्ञा का चालवून घ्यायची नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही.

त्यातला जहाजाचा प्रमुख अडामा जहाजातले संगणक एकमेकांना जोडूच देत नाही. फोनसुद्धा वायरचे. शत्रू नेटवर्कमधून शिरतो हे तो आधीच्या युद्धात शिकलाय. दुसऱ्या सीझनच्या पहिल्या भागात नाइलाजानं काही मिनिटांसाठी संगणक जोडतात आणि पडद्यावर एकेक फायरवॉल पडत जाते. मी तेव्हा उभा राहून बघत होतो. तुम्ही उशिराबद्दल लिहिलंत, मी म्हणेन की न जोडणं हाही एक निर्णय असतो आणि तो फार कमी मालिकांनी दाखवलाय.

शंकासुर

लेख आवडला, मुद्दा पटला नाही.

गोष्टीला वेग लागतो. दर संवादानंतर वीस मिनिटं थांबायचं म्हटलं तर ४५ मिनिटांच्या भागात काय दाखवणार? स्टार ट्रेकमधला ट्रान्सपोर्टर कुठून आला? दर आठवड्याला जहाज ग्रहावर उतरताना दाखवायला पैसे नव्हते. माणसं चमचमत नाहीशी झाली आणि दुसरीकडे उगवली, काम झालं. डॉक्टर मॅकॉयची काही उपकरणं म्हणजे चक्क नव्या घाटाच्या मिठाच्या बाटल्या होत्या. त्यानं काही बिघडलं का? आपण तिथे कर्क, स्पॉक आणि मॅकॉय यांच्यासाठी जातो. प्रकाशाचा वेग मोजायला नाही.

आणि काउंटर-स्ट्राइकमध्ये भिंतीआड मेल्यावर राग येतोच. "तेही खरंच" म्हणून समाधान होत नाही.

दूरस्थ

शंकासुर, ट्रान्सपोर्टरबद्दल एकदम सहमत. त्या टंचाईतून आलेली ती फार सुंदर कल्पना आहे. माझा विरोध सोयीला नाही. पण सोय घेतली की तिचे परिणाम लेखकाला सांभाळावे लागतात. ट्रान्सपोर्टर असेल तर प्रत्येक संकटात "मग वर खेचून का नाही घेत?" हा प्रश्न येतो आणि दर भागात तो बिघडवावा लागतो. संवादाचंही तसंच. मुख्यालय सतत कानाशी असेल तर कप्तान नुसता निरोप्या उरतो.

आणि वेळ दाखवायला पडदा रिकामा ठेवायची गरज नसते. 'एक्स्पान्स'मध्ये निरोप पाठवला की कॅमेरा दुसरीकडे जातो. आपण परत येतो तेव्हा उत्तर आलेलं असतं, पण माणसाचा चेहरा बदललेला असतो.

भिंतीआड मेल्याचा राग मलाही येतो. तरी मागे न फिरवणारा सर्व्हर करून बघा. मग नेम समोरच्यावर धरायचा नाही, तो अजून शंभर मिलिसेकंदांनी जिथे असेल त्या मोकळ्या जागेवर धरायचा. ९० च्या दशकात लोक तसं खेळलेत.

गोदातीर

मी गेम खेळत नाही, पण धागा शेवटपर्यंत वाचला कारण घरात रोज याच उशिरावरून भांडण आहे. मुलगा नववीत. "आई, लॅग आला, तू व्हिडिओ बंद कर" हे रोजचं. आमच्या इंटरनेटवाल्यांनी दुप्पट स्पीडचा प्लॅन गळ्यात मारला, तीन महिने झाले, फरक शून्य. नक्की करायचं काय? मुलगा खोटं बोलत नाहीये हे तुमच्या लेखावरून कळलं, त्याबद्दल आभार.

दूरस्थ

गोदातीरताई, मुलगा बरोबर बोलतोय. स्पीड म्हणजे नळाचा व्यास आणि पिंग म्हणजे पाणी टाकीतून तुमच्या घरी पोचायला लागणारा वेळ. नळ मोठा केला तरी टाकी तिथेच. गेमला पाणी अगदी थोडं लागतं, पण वेळेवर लागतं.

तीन गोष्टी करून बघा, पैसे फारसे लागणार नाहीत. त्याचा संगणक वायफायऐवजी राउटरला वायरनं जोडा, निम्मी कटकट तिथेच संपते. घरातल्या कुठल्या मोबाइलचे फोटो संध्याकाळी आपोआप वर चढत असतील तर ती वेळ रात्री दोनची करा. बाहेर जाणारी वाट तुंबली की राउटरमध्ये रांग लागते आणि मुलाचं छोटंसं पॅकेट त्या रांगेत मागे उभं राहतं. तिसरं, गेमच्या सेटिंगमध्ये सर्व्हर कुठला निवडलाय ते त्याला बघायला सांगा. मुंबईचा असताना चुकून सिंगापूरचा निवडलेला मी पुष्कळ वेळा बघितलाय. तुमचा व्हिडिओ बंद करायची गरज बहुधा पडणार नाही.

न्यूजर्सीकर

आई-बाबा साताऱ्याला, मी इथे चौदा वर्षं. व्हिडिओ कॉलवर आमचं अजूनही एकमेकांच्या वाक्यावर वाक्य पडतं. बाबांना वाटायचं मी त्यांना मध्येच तोडतो. एकदा त्यांना समजावून सांगितलं की बाबा, तुमचं वाक्य संपलेलं मला जरा उशिरा कळतं आणि माझं सुरू झालेलं तुम्हाला उशिरा. गप्प बसले. म्हणाले, इतकी वर्षं मला वाटलं तू घाईत असतोस.

आज हा धागा त्यांना वाचून दाखवणार आहे.

मीनाकाठ

नारायणगावकडचा आहे, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही. दूरस्थ, तुमच्या काकांचा आवाज बहुधा आमच्या जुन्नर तालुक्यातून तुमच्याकडे आला असणार. आर्वीचं विक्रम उपग्रह भूकेंद्र, परदेशी फोन आणि तारांसाठी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला उभं राहिलेलं. ती प्रचंड तबकडी आम्ही लहानपणी एसटीच्या खिडकीतून बघायचो.

आणि त्याच तालुक्यात खोडदला जीएमआरटी, म्हणजे आकाशातल्या रेडिओ लाटा टिपणारी मोठी दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, काही मध्ये एकत्र, बाकीच्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन दिशांना पसरलेल्या, टोकाच्या तबकड्या एकमेकींपासून २५ किलोमीटरपर्यंत लांब. मी दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमाराच्या विज्ञान प्रदर्शनाला जातो. तिथे एकदा एकानं समजावलेलं डोक्यात बसलंय. आकाशातली लाट सगळ्या तबकड्यांवर एकाच क्षणी पोचत नाही, कुठे आधी, कुठे नंतर. मग प्रत्येकीचा सिग्नल तंतूतून मध्यवर्ती इमारतीत येतो, त्यालाही कमीजास्त वेळ. हे सगळे उशीर मोजून, जी आधी पोचली तिला तेवढी थांबवून, तिसांची एक दुर्बीण करतात. तुमच्या काउंटर-स्ट्राइकचा सर्व्हर जे करतो त्याचंच हे भावंड नाही का?

आता खरी गोष्ट. १९ ऑक्टोबर २०१६. युरोपचं 'स्कियापरेल्ली' हे यान मंगळावर उतरत होतं आणि त्याचा बारीकसा रेडिओ आवाज थेट पृथ्वीवरून ऐकायचं काम खोडदकडे होतं. मंगळाहून संदेश यायला तेव्हा पावणेदहा मिनिटांच्या आसपास लागत होते. उतरण्याचा सगळा खेळ सहा मिनिटांचा. म्हणजे खोडदला सुरुवातीचा आवाज ऐकू आला तेव्हा तिकडे सगळं संपून गेलं होतं. आवाज येत राहिला, येत राहिला आणि ठरलेल्या वेळेच्या थोडा आधी थांबला.

नंतर कारण कळलं. यान पॅराशूटखाली जोरात हेलकावलं तेव्हा फिरण्याचा वेग मोजणारं उपकरण सुमारे एक सेकंद आपल्या कमाल आकड्याला जाऊन अडकलं. त्यावरून संगणकानं उंची काढली ती उणे आली, म्हणजे आपण जमिनीच्या खाली आहोत असा त्याचा समज. त्यानं पॅराशूट सोडलं, इंजिनं फक्त तीन सेकंद चालवली आणि उतरल्यानंतरची कामं सुरू केली. प्रत्यक्षात यान तेव्हा पावणेचार किलोमीटरच्या आसपास उंचीवर होतं.

रात्रपाळी

उंची उणे. यावर एक साधी अट लिहिलेली असती तर, असं वाटून पोटात गोळा आला. पण ती अट आपणही किती ठिकाणी लिहीत नाही, हे मला ठाऊक आहे. उद्या ऑफिसला गेल्यावर पहिलं काम हेच.

शंकासुर

मीनाकाठ, हे वाचून मी दहा मिनिटं काही लिहू शकलो नाही. माझा मूळ मुद्दा सोडत नाही, पण तुम्ही सांगितलेलं जसंच्या तसं कोणी दाखवलं तर एकही संवाद न बदलता मी अख्खा भाग बघेन. खोडदच्या शेतांच्या मधोमध बसलेली माणसं, कानाला लागलेला तो आवाज, आणि तो संपून गेलाय हे माहीत असूनही ऐकत राहणं.

दूरस्थ

मीनाकाठ, आर्वीचं मला खरंच ठाऊक नव्हतं. आज काकाला फोन केला. तो आता कोल्हापूरला असतो, सत्त्याहत्तर वर्षांचा. आर्वी म्हटल्याबरोबर म्हणाला, "आजीला सांगायला हवं होतं रे."

याच्या जोडीला आपल्या मंगळयानाचं सांगतो. २४ सप्टेंबर २०१४ ला ते मंगळाच्या कक्षेत शिरलं तेव्हा संदेशाला साडेबारा मिनिटांच्या जवळपास लागत होते. वेग कमी करायला मुख्य इंजिन चोवीस मिनिटांच्या आसपास चालणार होतं. आग पेटल्याची खूण पृथ्वीवर पोचेपर्यंत अर्धी जळूनही झालेली. त्यातला काही काळ यान मंगळाच्या आड, म्हणजे बोलणंच बंद. म्हणून सगळ्या आज्ञा काही दिवस आधीच यानात भरून ठेवल्या होत्या, आणि दहा महिने गप्प असलेलं इंजिन दोन दिवस आधी चार सेकंद चालवून बघितलं होतं. त्या सकाळी मी ऑफिसात थेट प्रक्षेपण बघत होतो. सगळे टाळ्यांची वाट बघत होते, मी मात्र समोरच्या शास्त्रज्ञांचे हात बघत होतो. करण्यासारखं काहीच उरलेलं नव्हतं, सगळं आधीच करून झालेलं होतं.

गोदातीर

वायर लावली. फोटो रात्रीवर टाकले. सर्व्हर खरोखरच सिंगापूरचा निघाला! पिंग आधी नव्वदीत असायचा, आता बारा-पंधरा दिसतोय म्हणे. काल रात्री मी माझी मालिका पूर्ण बघितली आणि भांडण झालं नाही.

मुलाला मीनाकाठ यांचा प्रतिसाद वाचायला दिला. तो विचारतोय, खोडदचं प्रदर्शन सगळ्यांसाठी खुलं असतं का, आणि नाशिकहून कसं जायचं?

मीनाकाठ

ताई, खुलं असतं, शाळेची मुलं तर ढिगानं येतात. नाशिक-पुणे रस्त्यावरच नारायणगाव आहे, पुण्याकडे जाणारी कुठलीही एसटी पकडा. नारायणगावला उतरा, तिथून खोडद दहा-पंधरा किलोमीटर. मोबाइल आत बंद ठेवावे लागतात, दुर्बिणीला त्रास होतो, ते मुलाला आधीच सांगून ठेवा. यायच्या आठवडाभर आधी इथेच लिहा, मी स्टँडवर येतो.

न्यूजर्सीकर

फेब्रुवारीत मी साताऱ्याला असेन. बाबांना घेऊन येऊ का? त्यांना आर्वीची तबकडीही बघायची आहे, अजून उभी असेल तर.

मीनाकाठ

घेऊन या. आर्वी वाटेतच आहे.